घरची मोटारसायकल व तिची निगा

आमच्या वाड्याच्या ओसरीसमोर, जेथें आमच्या आजोबांच्या काळीं दमणी उभी राहत असे, तेथें आज घरची मोटारसायकल उभी असते. दमणीच्या काळची एक गोष्ट वडील मंडळी आम्हांस नेहमीं सांगत. घोडेगांवावरून भीमाशंकरास जावयाचें असो अथवा लग्नाकरितां ओतुरास जावयाचें असो, आदल्या सायंकाळीं चाकें काढून आंसास एरंडेलाचें वंगण घातल्यावांचून दमणी अंगणाबाहेर पडत नसे. तें काम कोणीं करावयाचें हेंही ठरलेलें होतें, आणि तें नीट झालें कीं नाहीं हें आजोबा स्वतः कंदील धरून पाहत. पुढें दमणी गेली, आंस गेला, एरंडेलही औषधापुरतेंच उरलें; आणि त्यांच्याबरोबर आदल्या सायंकाळची ती पाहणीही गेली. वस्तुतः ती जाण्याचें कांहींएक कारण नव्हतें.

जुन्नर व आंबेगांव ह्या दोन्ही तालुक्यांत आगगाडी नाहीं. एस.टी. आहे, परंतु ती तिच्या वेळेस येते, आपल्या वेळेस नव्हे. नारायणगांवची बाजारपेठ, मंचर येथील शाळा-कॉलेजें, घोडेगांव येथील तालुक्याच्या कचेऱ्या, कुकडी व घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील मळे, हीं सारीं एकमेकांस जोडण्याचें काम आज मोटारसायकल करीत आहे. पुणें-नाशिक रस्त्यावर चाकण येथें बजाज कंपनी मोटारसायकली तयार करते. म्हणजे आमच्या भागांतील पुष्कळ गाड्यांचें माहेरही ह्याच रस्त्यावर आहे. ज्या घरीं चारचाकी आहे त्या घरींही मोटारसायकल असतेच. आणि जेथें एकत्र कुटुंब आहे तेथें ती कोणा एकाची नसून सर्वांची असते. आमच्या घरीं दिवसा ती थोरल्या बंधूंचे चिरंजीव नारायणगांवास नोकरीवर नेतात, सायंकाळीं धाकटा पुतण्या शिकवणीस नेतो, रविवारीं सूनबाई माहेरीं मंचरास जावयास नेतात, व एरवीं बँकेच्या आणि टपालाच्या कामास आम्ही नेतों. अशा वाहनाची निगा कोण राखतो, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वींच्या मार्गशीर्षापर्यंत आमच्या घरीं कोणीं विचारलाच नव्हता.

त्या महिन्यांत एके रात्रीं चिरंजीव व सूनबाई मंचराहून परत येत होते. नारायणगांव मागें टाकून जुन्नरच्या वाटेस लागल्यावर दोन्ही बाजूंस उंचच उंच ऊंस होता. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू होता, पण त्या बाजूचे फड अजून तुटावयाचे होते. गतिरोधकावरून गाडी उतरतांच मागील चाकाची साखळी दात्यांवरून निसटली, आपल्या पत्र्याच्या आवरणांत गुंतून बसली, व चाक जागच्या जागीं आवळलें गेलें. वेग कमी होता म्हणूनच आज हें इतक्या शांतपणें लिहितां येत आहे. दोघेही बाजूस पडलीं. सूनबाईंच्या गुडघ्यास खरचटलें आणि चिरंजीवांचें उजवें मनगट मोडलें.

तथापि, त्या रात्रीची खरी भीति मनगटाची नव्हती. आमच्या भागांतील उसाच्या फडांत बिबट्यांचा वास असतो हें सर्वश्रुत आहे. त्यांच्याकरितां माणिकडोह येथें निवारा केंद्रच चालविलें जातें. दुचाकीमागें बिबट्या धांवल्याच्या वार्ता आमच्याकडे वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. अंधारांत, चालूं न शकणाऱ्या गाडीपाशीं, एका मोडक्या हातानिशीं तीं दोघें वीस मिनिटें उभीं होतीं. सूनबाई भ्रमणध्वनीचा दिवा उसाच्या कडेनें फिरवीत होत्या आणि चिरंजीव मोठमोठ्यानें बोलत होते. काय बोलत होते असें मागाहून विचारतां ते म्हणाले, “काका, पाढे म्हणत होतों, दुसरें कांहीं सुचेना.” अखेर उसाचा रिकामा ट्रॅक्टर कारखान्याकडून परतत होता, त्याच्या चालकानें दोघांना नारायणगांवास दवाखान्यांत पोंचविलें. बिबट्या आला नाहीं. आला असता तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मातोश्रींनीं त्या रात्रीं देवघरासमोर बसून केला, व आम्हीं अंथरुणांत पडून केला.

दुसऱ्या दिवशीं गाडी टोचन लावून आणली व आवरणाचा पत्रा काढून पाहिला. साखळी तांबेरली होती. तेलाचा थेंब तिला कित्येक महिन्यांत लागलेला नव्हता, आणि ती इतकी सैल झाली होती कीं, मधोमध धरून उचलतां चार बोटें वर येत होती. मग चौकशी झाली. चिरंजीव म्हणाले, धाकटा घरीं असतो, तो पाहत असेल असें वाटलें. धाकटा म्हणाला, दादा रोज नेतो, तोच पाहत असेल. सूनबाई म्हणाल्या कीं, खालून कटकट असा आवाज येतो हें त्यांनीं दोघांसही सांगितलें होतें, व ‘जुन्या गाडीस आवाज यावयाचाच’ असें उत्तर त्यांस मिळालें होतें. राहिलों आम्ही. तो आवाज तीन आठवडे आम्हीही ऐकत होतों. बँकेपर्यंत जावयाचें व यावयाचें, एवढ्यासाठीं कोठें चौकशी करा, असें म्हणून गप्प बसलों होतों. ही कबुली येथें छापतांना आम्हांस आनंद होत नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांतील सामाईक वस्तूची जी गत होते तिचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

ह्या हयगयीच्या मुळाशीं आणखीही एक गोष्ट आहे, व ती आमच्या वाचकवर्गापैकीं अनेकांच्या घरीं असेल असें वाटतें. यंत्रास हात लावणें, नखांत काळें तेल जाणें, पान्यानें नट सैल करणें, हें ‘आपलें’ काम नव्हे अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून अद्याप नांदत आहे. मुलगा इंजिनिअर व्हावा असें प्रत्येकास वाटतें. त्यानें अंगणांत बसून साखळी पुसावी असें मात्र कोणास वाटत नाहीं. वास्तविक महाराष्ट्रांतील यंत्रोद्योगाचा पाया घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत, आणि १८८८ सालीं बेळगांवास त्यांचें जें पहिलें दुकान निघालें तें सायकलींचें होतें. बंधु रामूअण्णा तें पाहत. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, ती ह्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेल्या वाटेवर. पंधरा वर्षें शाळा-कॉलेजांत घालविलेल्या माणसास रविवारची अर्धी घटका आपल्याच गाडीसमोर बसणें कमीपणाचें कां वाटावें, हें आम्हांस समजत नाहीं. आतां समजत नाहीं असें म्हणतों. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही तें वाटत होतेंच.

असो. आम्हांस ह्या कामांत गुरु लाभले ते नारायणगांवचे एक वयोवृद्ध मिस्त्री. गाडी दुरुस्त करून देतांना त्यांनीं पहिली मागणी केली ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेची. ती आमच्या कपाटांत, कंपनीच्या पिशवींत, न उघडलेली सांपडली. “सगळं ह्यांत लिहिलंय, दादा,” ते म्हणाले, “फक्त कोणी वाचत नाहीं.” पुढें जे आंकडे आम्हीं देत आहों ते लहान, शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांस सामान्यतः लागू पडणारे आहेत, परंतु प्रत्येक गाडीचा शेवटचा शब्द तिच्या पुस्तिकेचा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

साखळीविषयीं आम्ही सविस्तर लिहितों, कारण तिनेंच आम्हांस धडा दिला. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांची साखळी संपूर्ण पत्र्याच्या आवरणांत असते. धूळ व साडीचा पदर ह्यांपासून रक्षण व्हावें हा त्याचा चांगला हेतु. परंतु जें दिसत नाहीं तें मनांतूनही जातें. त्या आवरणास खालच्या बाजूस रबरी बूच असतें. तें काढून बोटानें साखळी वर-खालीं हलवून पाहावी. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्यें, व गाडीवर कोणी बसलेलें नसावें. पुढील व मागील चक्रांच्या मधोमध साखळीचा हा झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा. मागील चाक हातानें थोडें थोडें फिरवून तीन-चार ठिकाणीं तो मोजावा, कारण झिजलेली साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं; एके ठिकाणीं सैल व दुसरीकडे ताठ असते. अशी विषम साखळी असेल तर सर्वांत ताठ जागा प्रमाण धरावी.

झोल ठेवावयाचाच कशाला, ताठच कां ओढूं नये, असें धाकट्यानें विचारलें. खड्ड्यांत चाक वर-खालीं होतें तेव्हां दोन चक्रांमधील अंतर कमीजास्त होत असतें, आणि माणूस गाडीवर बसला कीं साखळी आपोआप ओढली जाते. अगोदरच ताठ केलेली साखळी अशा वेळीं गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. मग मोडतें तें साखळीपेक्षां पुष्कळ महाग असतें. सैल साखळी काय करते हें वर सांगितलेंच आहे.

साखळी ओढतांना मागील आंसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे लहान नट समान फिरवावे लागतात. दोन्हीकडे आंसाजवळ खुणा कोरलेल्या असतात. डावीकडे जितक्या खुणा, तितक्याच उजवीकडे. हें न पाळल्यास चाक तिरपें बसतें, आणि गाडी हात सोडतांच एकीकडे ओढूं लागते. नंतर आंसाचा नट घट्ट करावा, व त्यास पिन असल्यास नवी घालावी. ह्यापुढची पायरी मात्र पुष्कळ जण विसरतात: चाक मागें सरकल्यामुळें मागील ब्रेकची दांडीही ओढली जाते, म्हणून साखळीनंतर मागील ब्रेक व ब्रेकचा दिवा हीं पुन्हा जुळवून पाहिल्यावांचून गाडी रस्त्यावर नेऊं नये. पहिल्या खेपेस हें सर्व जाणत्या माणसासमोर करावें. आम्हीं दोन वेळां मिस्त्रींसमोर केलें. तिसऱ्या वेळीं आमच्या हातून एक वॉशर उरला, तेव्हां गाडी ढकलीत त्यांच्याकडे गेलों, व ते कांहीं न बोलतां हंसले.

साखळी पुसण्यास रॉकेल अगर डिझेल व जुना मऊ ब्रश पुरे. पेट्रोल मुळींच वापरूं नये. तें आगीचें कारण होतें, व ज्या साखळ्यांत रबरी कड्या असतात त्या कड्यांसही खातें. पुसून कोरडी झाल्यावर ९० नंबरचें गिअर ऑइल, अथवा साखळीकरितां मिळणारा फवारा, आंतल्या बाजूनें घालावा; म्हणजे चाक फिरतांना तें बाहेरच्या बाजूस झिरपतें. उरलेलें पुसून टाकावें, नाहीं तर तेंच धूळ धरून ठेवतें, व टायरवर उडालें तर वळणावर घात करतें. साधारण ५०० किलोमीटरांनीं, आणि पावसांत भिजल्यावर लागलीच, हें करावें. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतों: गाडी गिअरमध्यें चालू ठेवून फिरत्या साखळीवर फडकें धरण्याची जी पद्धत अनेक ठिकाणीं दिसते, ती बोटें गमावण्याची पद्धत आहे. चाक हातानेंच फिरवावें, मग वेळ लागला तरी चालेल.

साखळीच्या सांध्यास लोखंडी चिमटी, म्हणजे लॉक, असेल तर तिचें बंद टोंक साखळी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेस असलें पाहिजे. उलट बसविली तर घासून निघून येते. चक्रांचे दाते आंकड्यासारखे वांकले असतील तर साखळी व दोन्ही चक्रें एकदमच बदलावीं. जुन्या दात्यांवर नवी साखळी घालणें म्हणजे चार महिन्यांत दुसरी साखळी विकत घेणें होय.

ब्रेकांची गोष्ट प्रदेशाप्रमाणें बदलते. आमच्या दोन तालुक्यांची पूर्व बाजू कोरडी आणि पश्चिम बाजू, माळशेज, नाणेघाट व भीमाशंकर येथील, चार महिने पावसांत बुडालेली. ह्या पश्चिमेकडील रस्त्यावर ओढा ओलांडून आलेल्या गाडीचे ड्रमब्रेक कांहीं वेळ धरीत नाहींत. तेव्हां हळू चालत, ब्रेक हलकेच दाबीत, ते वाळवून घ्यावेत. ब्रेकच्या पेंडलला मोकळी चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. ती वाढली तर मागील दांडीच्या टोंकाचा नट फिरवून कमी करतां येते. मग चाक हातानें फिरवून तें कोठें घासत तर नाहीं ना, हें पाहावें. ड्रमच्या बाहेर एक लहान बाण व खूण असते; ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपाशीं गेला म्हणजे आंतील लायनर संपले असें समजावें, व नट आणखी फिरवीत बसूं नये. ड्रम उघडल्यास आंतील धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि तें फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी. डिस्कब्रेकचें तेल मात्र घरीं बदलूं नये, असेंच आमचें मत आहे. तें हवेंतील ओल शोषतें म्हणून ठराविक मुदतीनें बदलावें लागतें; पण आंत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ब्रेक मऊ पडतो.

ब्रेकांच्या ओघांत उताराची एक खोड सांगितली पाहिजे. घाट उतरतांना पेट्रोल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें टाकून, कित्येकदां इंजिनही बंद करून सोडणारे लोक आम्हीं माळशेज घाटांत पाहिले आहेत. त्यांत आमच्यासारखे पागोट्याच्या वयाचे लोकही होते. असें केल्यानें सारा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात, व तापल्यावर धरीनासे होतात. गाडी खालच्या गिअरमध्यें असली तर इंजिनच तिला मागें ओढतें. आणि बचत म्हणाल तर, आजच्या पुष्कळशा इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्यें राहून मूठ सोडली कीं पेट्रोलचा पुरवठा आपोआपच बंद होतो. म्हणजे काटकसरीकरितां पत्करलेला तो धोका काटकसरही करीत नाहीं.

इंजिनच्या तेलासंबंधीं दोनच गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, मोटारीचें उरलेलें उत्तम तेल मोटारसायकलींत घालूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो. मोटारीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात, व त्यांनीं क्लच घसरूं लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हें जपानी प्रमाणाचें चिन्ह आहे कीं नाहीं तें पाहावें. दुसरी गोष्ट काढलेल्या तेलाची. एक लिटरच्या आंतबाहेर निघणारें तें काळें तेल मोरींत, ओढ्यांत अगर परसांत ओतणारा मनुष्य आपल्याच आडांत तें ओततो. आमच्या वाड्यांत आड अजून जिवंत आहे, त्यामुळें हें आम्हांस सांगावें लागलें नाहीं. ज्यांच्या घरीं नळ आहे त्यांनीं शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करावा. तेल डब्यांत भरून गॅरेजांत द्यावें. तेथून तें शुद्धीकरणास जाऊं शकतें. पातळी पाहतांना गाडी सपाट जागीं सरळ उभी असावी, व इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें. जास्त तेल हेंही कमी तेलाइतकेंच वाईट, हें आमच्या थोरल्या बंधूंस अजून पटत नाहीं.

ठिणगीच्या प्लगविषयीं लिहावयाचें तर खोडदचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. नारायणगांवापासून जवळच, खोडद येथें, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना भोंवतालच्या २५ किलोमीटर टापूंत पसरल्या आहेत. त्या दूरच्या तारकाविश्वांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकतात. आतां, हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ सालच्या सुमारास रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या त्या विजेची ठिणगी पाडूनच. आणि आपल्या गाडीचा प्लग मिनिटास हजारों ठिणग्या पाडतो. अर्थात् प्रत्येक पेट्रोलगाडी ही एक लहानशी, बेशिस्त अशी रेडिओचें ध्वनिक्षेपण करणारी यंत्रणाच आहे! अमेरिकेंत ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणीजवळ ह्याच कारणास्तव ठिणगी नसणारीं डिझेलचीं वाहनें वापरतात. प्लगमध्यें व त्याच्या टोपींत जो रोधक बसविलेला असतो, तो ह्या गोंगाटास आवर घालतो. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेल्या नंबराचाच प्लग घ्यावा. ‘कोणताही चालतो’ म्हणणाऱ्याचें ऐकूं नये. प्लग थंड इंजिनांतून काढावा. टोंक विटकरी-भुरें असेल तर सर्व ठीक; काजळीनें काळें असेल तर पेट्रोल अधिक जळतें आहे, अथवा हवेची गाळणी तुंबली आहे. दोन टोंकांमधील फट सामान्यतः ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. परत बसवितांना प्रथम कांहीं फेरे बोटांनीं द्यावेत, मगच पाना लावावा. इंजिनचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें, त्याचे आटे एकदां बिघडले म्हणजे शंभर रुपयांचा प्लग हजारोंचा होतो.

हवेच्या गाळणीस आमच्या पूर्वेकडील धूळ फार लवकर भरते. स्पंजाची असेल तर धुतां येते. तेलकट कागदाची असेल तर झटकूं नये, फुंकूं नये, मुदत होतांच बदलावी. टायरांची हवा सकाळीं, गाडी थंड असतां पाहावी, व मागें माणूस बसवावयाचा असेल तर मागील टायरांत पुस्तिकेप्रमाणें अधिक भरावी.

आतां, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ह्या प्रदूषणनियमांमुळें नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला, व त्याच्या जागीं संगणकानें चालणारें इंजेक्शन आलें. पूर्वींच्या पिढीनें घरीं केलेली एकमेव दुरुस्ती म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविणें; तो आनंद आतां संपला. समोरच्या तक्त्यावर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहिला तर वायरी ओढून पाहूं नयेत. तें काम ज्यांच्याजवळ तपासणीचें यंत्र आहे त्यांचें. तसेंच धुण्याच्या केंद्रावर जोराच्या पाण्याची धार विजेच्या जोडांवर व चाकांच्या बेअरिंगवर मारूं देऊं नये. पेट्रोलविषयींही एक नवी गोष्ट आहे. त्यांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, व तें बहुतांशीं ऊंस आणि धान्य ह्यांपासून होतें. ज्या उसाच्या कडेस आमची गाडी पडली, त्याच जातीचा रस आज तिच्या टांकींत जातो. इथेनॉल पाणी ओढून घेतें. म्हणून पावसाळ्यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहावयाची असल्यास टांकीचें झांकण नीट बसतें ना हें पाहावें, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस चिरा गेल्या आहेत काय हें तपासावें.

एवढें सर्व लिहून झाल्यावर मूळ प्रश्न राहतोच: कोणीं करावयाचें? आमच्या घरीं तो सूनबाईंनीं सोडविला. चिरंजीवांचा हात प्लॅस्टरमध्यें असतां पुस्तिका प्रथम त्यांनींच वाचली, व मराठींत तिचें टिपण केलें. त्यांनीं एक वही शिवून ओसरीच्या खुंटीस टांगली आहे. रविवारीं सकाळीं चहा झाल्यावर पाळी ज्याची असेल त्यानें अर्धा तास गाडीपाशीं बसावयाचें, व काय पाहिलें तें तारखेनिशीं, किलोमीटरच्या आंकड्यानिशीं लिहून सही करावयाची. पाळींत थोरले बंधूही आहेत, आम्हीही आहों, आणि सूनबाई स्वतः आहेत. त्यांच्या हातची साखळी सर्वांत स्वच्छ असते हें मिस्त्रींनींही कबूल केलें आहे. आरंभीं आमच्या काकूंस तें पसंत नव्हतें. परंतु गेल्या श्रावणांत लेण्याद्रीस जावयाचें ठरलें, तेव्हां ‘गाडी सुनेनें पाहिली असेल तरच मी मागें बसेन’ असें त्याच म्हणाल्या.

वहीची तपासणी मातोश्रींकडे आहे. त्यांचें वय चौऱ्याऐंशी आहे, त्या गाडीवर कधीं बसल्या नाहींत, व प्लग म्हणजे काय हें त्यांस माहीत नाहीं. परंतु दुधाचा हिशेब ज्या डोळ्यांनीं पाहतात त्याच डोळ्यांनीं त्या ही वहीही पाहतात, आणि सही नसलेला रविवार त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. गेल्या रविवारीं पाळी धाकट्याची होती. त्यानें लिहिलें आहे: ‘साखळीचा झोल २५. मागील ब्रेकचा नट एक फेरा. पुढील टायरांत हवा कमी होती, भरली. डाव्या आरशाचा स्क्रू नाहीं.’ त्याखालीं मातोश्रींनीं पेन्सिलीनें विचारलें आहे, ‘कोठें गेला?’ ह्या प्रश्नास हा मजकूर छापावयास देईपर्यंत कोणीही सही केलेली नाहीं.